न्यायसहायक विज्ञानाला हवे हिरण्यकेशीचे पाणी

आमच्या प्रतिनिधीकडून

आजरा - तालुक्याच्या गावी बातमीदारी करणाऱ्याच्या हाताला एक वाक्य सवयीने जडलेले असते. ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून, अहवाल आल्यानंतर मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट होईल.’ नदीत किंवा विहिरीत मृतदेह आढळतो, पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होते आणि बातमी या वाक्यापाशी येऊन थांबते. प्रस्तुत प्रतिनिधीनेही हे वाक्य अनेकदा लिहिले आहे. अहवाल आल्यानंतरची दुसरी बातमी मात्र क्वचितच लिहिली.

अहवालाला लागणारा वेळ हा नेहमीच्या चर्चेचा विषय आहे आणि ती चर्चा रास्तही आहे. परंतु त्याहून मूलभूत प्रश्न फारसा विचारला जात नाही. मृतदेहासोबत आलेला पुरावा प्रयोगशाळा ताडून पाहते, ती कशाशी? मुंबईतील कलिना येथील मुख्य प्रयोगशाळा असो वा कोल्हापूरची प्रादेशिक प्रयोगशाळा, तुलनेसाठी तिच्याजवळ त्या-त्या भागाच्या पाण्याची, मातीची, कीटकांची नोंद असावी लागते. ही नोंद गुन्हा घडल्यानंतर तयार करता येत नाही. ती आधीपासून असावी लागते. ती तयार करण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वर्षभर त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणारा माणूस. विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेणारा स्थानिक विद्यार्थी हा तो माणूस होऊ शकतो काय, हा या लेखाचा विषय आहे.

विषय आज निघण्यास दोन कारणे आहेत. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आवश्यक ठरविण्यात आले आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्या दृष्टीने जानेवारी २०२५ मध्ये राज्यात फिरत्या न्यायवैद्यक वाहनांचा पहिला ताफा रस्त्यावर आला. म्हणजे घटनास्थळावरून प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या नमुन्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे.

दुसरे कारण शिक्षणातील आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा करण्याची मुभा मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. एकूण १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक केवळ संशोधन प्रकल्पाला आहेत. २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचेल. आतापर्यंत पदव्युत्तर वर्गापुरता मानला गेलेला स्वतंत्र संशोधनाचा भाग त्या वेळी विशीतल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येईल.

न्यायसहायक विज्ञानाचे आकर्षण या वयोगटात मोठे आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ मालिकेचा त्यात वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालिकेत डॉक्टर साळुंखे काचनळीकडे एकदा पाहतात आणि विषाचे नाव सांगतात. प्रत्यक्षातील काम असे चालत नाही. तरीही आकर्षण खरे आहे आणि त्याचा बाजारही उभा राहिला आहे. काही आठवड्यांत ‘फॉरेन्सिक तज्ज्ञ’ बनविणारी प्रमाणपत्रे ऑनलाईन विकली जातात. दुसरीकडे, काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतील तयार प्रकल्पांची जुनी परंपरा आहेच. मागील वर्षीचे नाव खोडून नवे नाव घातले की काम झाले. हल्ली तर मजकूर लिहून देणारी संगणक प्रणालीही हाताशी आहे. बारा श्रेयांक या वाटेनेही मिळू शकतील, ही भीती निराधार नाही.

विद्यार्थ्यांनी सुचविलेले विषय बहुधा दोन प्रकारचे असतात. एक तर ‘गुन्हे अन्वेषणात डीएनएचे महत्त्व’ असा निबंधवजा विषय, ज्यात संशोधन काहीच नसते. नाही तर महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जमणारच नाही असा विषय. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हेच पहिले संशोधन होय.

ती जागा कुठे आहे, हे समजण्यासाठी थोडे बाहेर पाहावे लागेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये त्या देशातील न्यायसहायक विज्ञानाचा आढावा घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्याने तेथील न्यायालयीन जगात खळबळ उडाली. डीएनए चाचणीचा अपवाद वगळता, एखादा पुरावा विशिष्ट व्यक्तीशी किंवा स्रोताशी खात्रीने जोडून दाखविण्याची क्षमता अन्य कोणत्याही पद्धतीने पुरेशा कठोरपणे सिद्ध केलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्षानुवर्षे साक्षीच्या पिंजऱ्यातून आत्मविश्वासाने सांगितल्या गेलेल्या गोष्टींमागे मूळ मोजमाप अपुरे होते. त्याआधी २००४ मध्ये माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधील एका वकिलाचा बोटाचा ठसा जुळल्याचे सांगून त्याला ताब्यात घेतले होते. ठसा दुसऱ्याचाच निघाला. म्हणजे उणीव आहे ती मूलभूत, कंटाळवाण्या, पुन्हा पुन्हा मोजण्याच्या कामाची. आणि हे काम करण्यास गुन्हेगार, मृतदेह किंवा पोलीस यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही.

आजऱ्यापुरते बोलायचे तर उदाहरण पाण्याचेच घ्यावे. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून, रामतीर्थाच्या खडकांतून गडहिंग्लजकडे आणि पुढे कर्नाटकात संकेश्वरकडे जाते व घटप्रभेला मिळते. तालुक्यात चित्रीचे धरण आहे, छोटे बंधारे, शेततळी आणि असंख्य विहिरी आहेत. पावसाळ्यात बुडून मृत्यूच्या बातम्या येथे दरवर्षी असतात. त्यातील प्रत्येक प्रकरणात पोलिसांसमोर प्रश्न एकच असतो : माणूस बुडून मेला, की मेल्यानंतर पाण्यात टाकला गेला?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी वापरली जाणारी एक जुनी चाचणी डायटमची आहे. डायटम म्हणजे पाण्यात राहणारे, एका पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे शैवाल. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे असते. आम्लात मांस, हाडांतील मगज सारे विरघळते, हे कवच मात्र शाबूत राहते. बुडणारा माणूस श्वासाबरोबर पाणी आत घेतो, ते फुप्फुसांत जाते आणि हृदय चालू असेल तर सूक्ष्म डायटम रक्तावाटे हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतात. हृदय बंद पडल्यानंतर पाण्यात टाकलेल्या देहात हा प्रवास होत नाही. मगजात सापडलेले डायटम ज्या ठिकाणी देह मिळाला तेथील पाण्यातील डायटमांशी जुळतात काय, हेही पाहिले जाते. न जुळल्यास मृत्यू दुसरीकडे झाला असण्याची शंका उभी राहते.

तत्त्व साधे असले तरी चाचणी निर्विवाद नाही. न बुडालेल्या माणसांच्या अवयवांतही कधी डायटम आढळले आहेत. पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून किंवा प्रयोगशाळेतीलच अस्वच्छ भांड्यातून ते येऊ शकतात. म्हणून तज्ज्ञांमध्ये या चाचणीच्या विश्वासार्हतेवर दीर्घकाळ वाद आहे. वादाचा मोठा भाग पुन्हा तुलनेशी निगडित आहे. एकाच नदीत धारेतल्या आणि डोहातल्या डायटमांत फरक असतो. जुलैच्या गढूळ लोंढ्यात जे असते ते मे महिन्यातल्या तळाला गेलेल्या पाण्यात असेलच असे नाही. विहिरीचे पाणी निराळे, शेततळ्याचे निराळे. ही महिनावार नोंद समोर नसेल, तर ‘जुळते’ या शब्दाला फारसे वजन राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला या बाबतीत एक वारसा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. एच. पी. गांधी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि परिसरातील गोड्या पाण्यातल्या डायटमांचा अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तर पन्हाळगडावरील डायटमांवर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. भारतीय डायटम अभ्यासात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुढे १९८४ मध्ये पी. टी. सरोदे आणि एन. डी. कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायटमांवरील ग्रंथ औरंगाबादहून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमांचा मोठा संग्रह आहे आणि त्यावर संशोधनही चालू आहे. या अभ्यासकांपुढे प्रश्न होता वर्गीकरणाचा : कोणती जाती कुठे आढळते. न्यायालयाचा प्रश्न पुढचा आहे : या डोहात, या महिन्यात, किती? पहिल्या प्रश्नाचे काम झालेले असल्यामुळेच दुसऱ्या प्रश्नाला विद्यार्थी हात घालू शकतो.

प्रकल्पाची कल्पना करून पाहू. पाच ठिकाणे निवडली : रामतीर्थाचा डोह, गावाखालची नदीची धार, चित्री जलाशयाचा काठ, एक विहीर, एक शेततळे. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा, वर्षभर. साठ नमुने झाले. प्रत्येकाच्या तीन काचपट्ट्या म्हणजे एकशेऐंशी. नमुना आम्लात किंवा हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये स्वच्छ करायचा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली, शक्यतो तेलाच्या भिंगाने, हजारपट मोठे करून पाहायचा. एका काचपट्टीवर तीनशे-चारशे कवचे मोजण्याचा प्रघात आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने जातीपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरू नये. नॅव्हिक्युला, निट्झशिया, गोम्फोनेमा, सिम्बेला अशा प्रजातींच्या पातळीवर प्रामाणिकपणे मोजले तरी पुरे.

येथे धुण्याचे पाणी ऊर्ध्वपातित का, हे सांगणे आवश्यक आहे. ज्या गावाला नदीचे पाणी नळाने येते, त्या गावातील महाविद्यालयाच्या नळातून नदीचे डायटमही येऊ शकतात. विद्यार्थ्याने भांडे नळाखाली धुतले की विहिरीच्या नमुन्यात नदी उतरली! यासाठी प्रत्येक वेळी एक कोरा नमुना, म्हणजे नुसत्या रसायनांचा व ऊर्ध्वपातित पाण्याचा, बाकीच्यांबरोबरच तयार करून तपासावा लागतो. त्यात एकही कवच दिसले तर त्या दिवसाचे काम बाद. हे सोसण्याची तयारी असलेला विद्यार्थी न्यायसहायक विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम तिथेच शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

वर्षाच्या शेवटी खरी परीक्षा. वर्गमित्राने पाचांपैकी कुठलेही पाणी बाटलीत भरावे, बाटलीवर केवळ आकडा टाकावा आणि ठिकाणाचे नाव बंद पाकिटात ठेवावे. विद्यार्थ्याने आपल्या नोंदीवरून पाणी कोठले ते सांगावे. अशा वीस बाटल्यांपैकी किती ओळखल्या, हा त्या प्रकल्पाचा निष्कर्ष. वीसपैकी अकराच ओळखल्या असतील तर अकरा लिहावे.

‘सापडले नाही’ हे लिहिणे आपल्याकडे अपयश मानले जाते, म्हणून एक जुने प्रकरण आठवते. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाईंना त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांनी १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून रेल्वेने मुंबईला नेले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात कोणतेही विष आढळले नाही आणि त्याने तसेच नमूद केले. पुढे बाईंच्या मालमत्तेची पद्धतशीर लूट आणि अन्य परिस्थितीजन्य पुराव्यांवरून लागू दोषी ठरले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. ओळखता न येणारी विषे असू शकतात, तेव्हा विष न सापडणे म्हणजे विष दिलेच नाही असे नव्हे, हा त्या निकालाचा आशय. या प्रकरणाची चर्चा निकालासाठी होते. परंतु ज्या विश्लेषकाने दडपणाखाली काहीतरी ‘सापडल्याचे’ लिहिले नाही, त्याचेही काम तितकेच महत्त्वाचे होते.

पाण्याऐवजी कोणाला माश्यांकडे वळायचे असेल तर तेही आजऱ्यात शक्य आहे. मृतदेहावर अंडी घालणाऱ्या माशीच्या अळीच्या वाढीवरून मृत्यूची वेळ काढता येते. १९३५ साली इंग्लंडमधील लँकेस्टर येथे डॉ. बक रक्स्टन याने पत्नीचा व दाईचा खून केला. स्कॉटलंडमध्ये एका ओढ्यात सापडलेल्या अवशेषांवरील अळ्यांचे वय डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी सांगितले आणि खुनाचा दिवस निश्चित होण्यास मदत झाली. हा रक्स्टन मूळचा मुंबईचा, हा योगायोग. अळीची वाढ तापमानावर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या सप्टेंबरचे गणित सह्याद्रीच्या कुशीतल्या, चार महिने झोडपून काढणाऱ्या पावसाला लागू पडणार नाही. कोंबडीच्या मांसाचा तुकडा, जाळीचा डबा, तापमापक आणि सहा-सहा तासांनी नोंद ठेवणारी वही यांवर हा प्रकल्प उभा राहतो. घरच्यांचा व शेजाऱ्यांचा विरोध गृहीत धरावा लागेल, एवढेच.

काही गोष्टी मात्र विद्यार्थ्याने करू नयेत आणि मार्गदर्शकाने करू देऊ नयेत. ओळखीने शवागारात शिरून नमुना मिळविणे हा प्रकार संशोधनात बसत नाही. मानवी ऊती, रक्त यांच्याशी संबंधित अभ्यासाला नैतिक समितीची पूर्वसंमती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्याबाबत स्पष्ट आहेत. बोटांचे ठसे गोळा करणे सोपे वाटते, परंतु ते देणाऱ्याची लेखी संमती आणि नंतर ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. गवा, हत्ती यांचा वावर असलेल्या या तालुक्यात जंगलात सापडलेले शिंग किंवा हाड अभ्यासासाठी उचलून आणण्याचा मोह होऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरेल. आणि पावसाळ्यात नदीकाठी एकट्याने नमुना घ्यायला जाऊ नये, हे सांगायलाच हवे. पुराच्या दिवसांचा नमुना चुकला तर वहीत ‘पूर, नमुना नाही’ असे लिहिणे हीसुद्धा नोंदच आहे.

अशा प्रकल्पाचा अहवाल थेट न्यायालयात पुरावा म्हणून जात नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. तेथे मत देण्याचा अधिकार तज्ज्ञाचाच. विद्यार्थ्याचे काम तज्ज्ञाच्या टेबलावर संदर्भ म्हणून पडून राहू शकते आणि तेवढ्यासाठी ते तपासता येईल असे, काचपट्ट्या व मूळ वहीसह, जपले गेले पाहिजे. प्रकल्प गुणपत्रिकेबरोबर रद्दीत जात असेल तर वर्षभराची पायपीट व्यर्थ होय.

खरी अडचण रसायनांची किंवा सूक्ष्मदर्शकाची नाही. अडचणी दोन आहेत. पहिली मार्गदर्शकांची. संशोधनासह ऑनर्स पदवी देणाऱ्या विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त, कायम मार्गदर्शक असावेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. प्राध्यापक भरतीची राज्यातील स्थिती पाहता ग्रामीण महाविद्यालयांना ही अट जड जाणार. न्यायसहायक विज्ञानाचा स्वतंत्र विभाग नाही म्हणून अडून बसण्याचे मात्र कारण नाही. डायटमसाठी वनस्पतिशास्त्राचा, अळ्यांसाठी प्राणिशास्त्राचा आणि विषासाठी रसायनशास्त्राचा प्राध्यापक पुरेसा आहे. विषयातील सल्ल्यासाठी पत्र लिहिण्याजोग्या जागाही आता वाढल्या आहेत. मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची केंद्रे गोव्यात फोंड्याजवळ आणि कर्नाटकात धारवाडला आहेत. आजऱ्याहून ही दोन्ही ठिकाणे मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहेत. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने राज्याच्या सीमेपलीकडे पाहायला एरवी कोणी सांगत नाही, म्हणून हा उल्लेख.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे आणि ती धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आली असावी असे दिसत नाही. चौथे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. त्यातले परीक्षांचे व सुट्यांचे दिवस वगळले तर हातात आठ-नऊ महिने उरतात. नदी मात्र बारा महिने वाहते. विषय ठरविण्यात जून-जुलै गेले की पहिल्या पावसाचा लोंढा हुकला. एप्रिलमध्ये प्रबंध सादर केला की मे महिन्याचे, सर्वांत कमी आणि सर्वांत वेगळे पाणी हुकले. म्हणजे ज्या दोन टोकांसाठी नोंद ठेवायची तीच निसटतात. उपाय एकच दिसतो. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्येच विषय व ठिकाणे निश्चित करून एप्रिलपासून नमुने घ्यायला सुरुवात करणे. त्या वेळी सहाव्या सत्राचा निकाल लागलेला नसतो, ७५ टक्क्यांची अट पूर्ण होईल की नाही हे माहीत नसते. तरीही बाटल्या भरून ठेवाव्या लागतील. एखादा विद्यार्थी पात्र न ठरल्यास त्याच्या बाटल्या मागच्या तुकडीतील दुसऱ्याला उपयोगी पडतील. किंबहुना प्रकल्प विद्यार्थ्याचा न मानता विभागाचा मानला आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्याने त्याच पाच ठिकाणांची पुढची नोंद केली, तर तीन-चार वर्षांत आजऱ्याच्या पाण्याचा उपयोगी पडेल असा तक्ता तयार होईल. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते, तिच्यात पदवी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आहे. तेथे दरवर्षी नवा, चमकदार विषय नेण्याची चढाओढ असते. तिसऱ्या वर्षीही त्याच डोहाचे पाणी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षक कसे वागवतात, हे पाहण्यासारखे ठरेल.

२०२७-२८ च्या तुकडीसाठी हिशेब करायचा तर पहिली बाटली एप्रिल २०२७ मध्ये भरायला हवी. रामतीर्थाच्या डोहाचे पाणी तेव्हा खडकांच्या तळाशी गेलेले असेल.